कर्नल तोच, जागा कुठलीही

मे २०१९. क्लाउडमधली कामं हाकणारी कुबरनेटीस ही प्रणाली वापरणाऱ्यांचं युरोपातलं वार्षिक संमेलन बार्सिलोनात भरलं होतं. हजारो अभियंत्यांसमोर मंचावर उभे होते रिकार्डो रोशा आणि लुकास हाइनरिक, दोघेही जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काम केलेले. २०१२ च्या जुलैत हिग्ज बोसॉनच्या शोधाची घोषणा झाली होती. त्या शोधामागचं एक विश्लेषण आम्ही आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा करतो, असं त्यांनी सांगितलं. सर्नच्या सीएमएस प्रयोगाने सगळ्यांसाठी खुली केलेली सुमारे ७० टेराबाइट माहिती त्यांनी घेतली होती, तिच्या २५ हजारांच्या आसपास फायली होत्या. जोडीला गूगलच्या क्लाउडमधले २० हजारांहून अधिक प्रोसेसर-कोअर. काम सुटलं, पडद्यावरचा आलेख भरत गेला आणि काही मिनिटांत १२५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास तो प्रसिद्ध उंचवटा दिसू लागला.

हिग्ज बोसॉन पुन्हा दिसला यात आनंद आहेच. पण त्या दिवशीचं दुसरं नवल मला अधिक मोठं वाटतं. विश्लेषणाचं सॉफ्टवेअर २०११-१२ च्या सुमाराचं होतं. ते लिहिलं गेलं सायंटिफिक लिनक्सच्या तेव्हाच्या आवृत्तीवर, भौतिकशास्त्रज्ञांच्या स्वतःच्या यंत्रांसाठी. आणि चाललं मात्र एका अमेरिकी कंपनीच्या इमारतीत, त्याच्या जन्माच्या वेळी बाजारात नसलेल्या सर्व्हरांवर. आपण घर बदललंय हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्याला ते कळायचं काही कारणही नव्हतं.

स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये काही काम ठेवायचं, काही भाड्याच्या क्लाउडवर पाठवायचं आणि दोन्ही मिळून एकच व्यवस्था असल्यासारखं वागवायचं, याला आज हायब्रिड क्लाउड म्हणतात. बँका, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या, सरकारं सगळ्यांनाच ते हवं असतं. त्याच्या जाहिराती पाहिल्या तर वाटतं की हे एखादं महागडं उत्पादन असावं, पेटीत बंद होऊन येणारं. मी त्याच्याकडे जितकं खोलात जाऊन पाहिलं तितकी माझी खात्री होत गेली की त्याचं मर्म एका गोष्टीत आहे: दोन्ही टोकांना एकच कर्नल आहे, आणि तो सर्वांचा आहे.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड यांना थेट हात लावायचा अधिकार फक्त त्याला. बाकीच्या प्रत्येक प्रोग्रामला काही हवं असेल तर कर्नलकडे मागावं लागतं: ही फाइल उघड, एवढी मेमरी दे, हे बाइट त्या पत्त्यावर पाठव. या मागण्यांना सिस्टिम कॉल म्हणतात आणि लिनक्समध्ये त्या साडेतीनशेच्या आसपास आहेत. जगातलं झाडून सगळं सर्व्हर-सॉफ्टवेअर, आधारच्या पडताळणीपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत काहीही असो, शेवटी अशा मोजक्या मागण्यांच्या माळेतच उतरतं.

हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्‌सने २५ ऑगस्ट १९९१ ला छंद म्हणून लिहीत असलेल्या या लिनक्सची वाच्यता केली आणि १९९२ साली तो कर्नल जीपीएल परवान्याखाली आणला: कोड घ्या, बदला, वाटा, पण वाटाल तेव्हा तुमचे बदलही उघडे ठेवा. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. एवढी उलथापालथ चालू असताना टोरवाल्ड्‌स एका नियमावर मात्र हटून बसलेले आहेत: वर चालणारा प्रोग्राम कर्नलच्या बदलामुळे मोडता कामा नये. मोडला, तर चूक कर्नलची. बार्सिलोनातला जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर बिनतक्रार चालला तो या हट्टामुळे. त्याच्या लायब्ररी, त्याची जुनी साधनं, सगळा संसार कंटेनरमध्ये बांधून सोबत आणला होता. कर्नल मात्र सोबत आणलेला नव्हता. तो तिथे होताच.

हा कंटेनर म्हणजे काय, हे समजून घ्यायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तो हाताने बनवणं. कुठल्याही लिनक्स यंत्रावर टर्मिनल उघडा आणि लिहा: सुडो अनशेअर, मग पिड, फोर्क आणि माउंट-प्रॉक हे तीन पर्याय, आणि शेवटी बॅश हा आज्ञा घेणारा प्रोग्राम. एंटर दाबल्यावर काही घडल्यासारखं दिसत नाही. तीच काळी खिडकी, तेच लुकलुकणारं चिन्ह. आता पीएस ही आज्ञा सगळ्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, दाखवायला सांगून चालवा. क्षणापूर्वी या यंत्रावर शेकडो प्रोसेस होत्या. आता यादीत दोनच ओळी येतात. क्रमांक १ वर बॅश, आणि दुसरी ओळ खुद्द पीएसची. क्रमांक १ हा यंत्र सुरू होताना जन्मणाऱ्या पहिल्या प्रोसेसचा मान. या बॅशला आता प्रामाणिकपणे वाटतंय की सगळं यंत्र आपलं, आणि आपण इथले पहिले. शेजारी दुसरी खिडकी उघडून बाहेरून पाहिलं तर तोच बॅश चार-पाच आकडी क्रमांक लावून गर्दीत उभा दिसतो.

प्रोसेस एकच, क्रमांक दोन, आणि दोन्ही खरे. याला नेमस्पेस म्हणतात. असे आठ प्रकार लिनक्समध्ये आहेत: फायलींच्या रचनेचा वेगळा, नेटवर्कचा वेगळा, वापरकर्त्यांचा वेगळा, यंत्राच्या नावाचा वेगळा. पहिला २००२ साली आला, आठवा, घड्याळाचा, २०२० साली. नेमस्पेस प्रोसेसला काय दिसावं ते ठरवतो. किती मिळावं ते ठरवायला सीग्रुप आहेत, आणि ते गूगलच्या दोन अभियंत्यांनी, पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी, २००६ मध्ये लिहायला घेतले. तेही पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांना कुठलीही खास भाषा लागत नाही. एक फोल्डर बनवायचा, कर्नल त्यात आपोआप काही फायली मांडतो. त्यातल्या सीपीयू-डॉट-मॅक्स नावाच्या फाइलीत दोन आकडे लिहायचे, २०००० आणि १०००००. झालं. त्या गटातल्या प्रोसेसना आता दर १ लाख मायक्रोसेकंदांपैकी २० हजारच मिळणार, म्हणजे एका कोअरचा पाचवा हिस्सा. कितीही आरडाओरडा केला तरी त्याहून एक मायक्रोसेकंद जास्त नाही.

पुढे डॉकरने २०१३ मध्ये हे सगळं एका सोप्या आज्ञेमागे आणलं आणि कुबरनेटीसने २०१४ पासून अशा हजारो कंटेनरांची देखरेख हाती घेतली. किती प्रती हव्यात ते तुम्ही लिहून द्यायचं. कुबरनेटीस सतत पाहत राहतो आणि कमी पडली तर नवी सुरू करतो. ही सगळी मोठी नावं आहेत, पण खाली बॅश आणि दोन आकडे आहेत हे विसरू नये.

कंटेनर पुरेसा नसेल, आख्खं स्वतंत्र यंत्रच हवं असेल, स्वतःच्या कर्नलसकट, तर व्हर्च्युअल मशीन. ही कल्पना जुनी. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ती १९६० च्या दशकातच होती. इंटेल आणि एएमडीच्या साध्या प्रोसेसरांत तिची सोय २००५-०६ मध्ये आली. त्यानंतर इस्रायलमधल्या क्युमरानेट या छोट्या कंपनीतल्या अवी किविटी यांनी एक धाडसी सरळ विचार केला. व्हर्च्युअल मशीन चालवायला वेगळी प्रणाली कशाला लिहायची? वेळ वाटून देणं, मेमरी सांभाळणं ही कामं लिनक्स आधीच उत्तम करतो. मग लिनक्सलाच ते शिकवू. त्यांचा कोड, केव्हीएम, फेब्रुवारी २००७ मध्ये निघालेल्या २.६.२० आवृत्तीत सामावला गेला. तेव्हापासून कुठल्याही लिनक्स यंत्राच्या दृष्टीने एक आख्खं व्हर्च्युअल मशीन म्हणजे आणखी एक प्रोसेस. तिला सीग्रुप लावता येतो, तिला थांबवता येतं, चालू करता येतं.

आणि तिला चालू असताना उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवता येतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण क्लाउडच्या सगळ्या करामतींत मला ही सर्वांत देखणी वाटते.

६४ गिगाबाइट मेमरी असलेलं एक व्हर्च्युअल मशीन घ्या. त्यावर एक डेटाबेस चालू आहे, ग्राहक व्यवहार करताहेत. खालच्या सर्व्हरचा पंखा बिघडलाय, किंवा त्याच्या कर्नलला सुरक्षेची दुरुस्ती लावायची आहे. सर्व्हर बंद करावाच लागणार. ग्राहकांचं काम मात्र थांबवायचं नाही. मेमरीचे साधारणपणे ४ किलोबाइटचे तुकडे असतात, त्यांना पानं म्हणतात. इथे अशी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पानं आहेत. सेकंदाला १० गिगाबिटच्या नेटवर्कवरून ती सगळी पलीकडे पाठवायला जवळपास एक मिनिट लागतं. पण त्या मिनिटात डेटाबेस स्वस्थ बसलेला नाही, तो पानांवर लिहितोच आहे. पाठवून झालेली पानं मागून बदलताहेत.

तर असं करायचं. पहिल्या फेरीत सगळी पानं पाठवा, आणि त्या वेळात कुठली पानं बदलली याची कर्नलकडून नोंद ठेवून घ्या. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेली पाठवा. ती थोडी आहेत, म्हणून ही फेरी लवकर संपते. लवकर संपते म्हणून या वेळात आणखी थोडी पानं बदलतात. म्हणून तिसरी फेरी त्याहून लहान. दर फेरीत उरलेलं काम आकसत जातं. जेव्हा उरलेली पानं काही मिलिसेकंदांत जातील इतकी कमी होतात, तेव्हा मशीन गोठवायचं, शेवटची पानं आणि प्रोसेसरच्या रजिस्टरांतले आकडे पाठवायचे आणि पलीकडे पुढच्या सूचनेपासून चालू करायचं. नवं यंत्र नेटवर्कला ओरडून सांगतं की हा पत्ता आता माझ्याकडे आहे. एखादं वाक्य एका यंत्रावर सुरू होऊन दुसऱ्यावर पूर्ण होतं, आणि बोलणाऱ्याला थांबल्याचं जाणवतही नाही.

केंब्रिजमध्ये झेन ही मुक्त प्रणाली बांधणाऱ्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे शोधनिबंधातून मांडलं. क्वेक ३ हा गोळीबाराचा खेळ चालू असलेला सर्व्हर त्यांनी खेळाडू खेळत असताना हलवला, आणि खंड पडला तो अवघा ६० मिलिसेकंदांचा. पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

मशीन इतक्या वेगाने लिहीत असेल की नेटवर्क मागे पडतंय, तर? मग फेऱ्या आकसतच नाहीत. त्यावर दोन उपाय आहेत. एक, मशीनचा प्रोसेसर मुद्दाम मंद करायचा. दुसरा उपाय ऐकताना अंगावर काटा येतो: मशीन आधी पलीकडे चालू करायचं आणि मेमरी मागून आणायची. ज्या पानाला हात लागेल आणि ते अजून आलेलं नसेल, त्या पानापाशी कर्नल प्रोसेसला थांबवतो, नेटवर्कवरून ते पान मागवतो आणि मग पुढे जाऊ देतो. यासाठी लागणारी सोय कर्नलमध्ये २०१५ साली आली. मेमरी अजून वाटेत असताना यंत्र जागं होऊन कामाला लागलेलं असतं.

आता पुन्हा सर्नकडे. कारण हे सगळे सुटे भाग जोडून खरा हायब्रिड क्लाउड उभा राहिला तो तिथे, आणि त्यांनी तो सर्वांसमोर, काय जमलं आणि काय जमलं नाही ते सांगत सांगत उभा केला.

२०११-१२ च्या सुमाराला सर्नपुढे पेच होता. २७ किलोमीटरच्या बोगद्यातला लार्ज हॅड्रॉन कोलायडर माहितीचा पूर सोडत होता. मेरँ इथल्या आवारातलं डेटा सेंटर १९७० च्या दशकातलं, वीज साडेतीन मेगावॅटच्या आसपास, त्याहून जास्त तिथे मिळणार नव्हती. माणसं वाढणार नव्हती. आणि सर्व्हर सांभाळायची साधनं त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षं लिहिलेली, जी बाहेरच्या कुणाला येत नव्हती. टिम बेल यांच्या चमूने ठरवलं की आपली खास साधनं बाजूला ठेवायची आणि जग जे उघड्यावर मिळून बांधतंय ते घ्यायचं. त्यांनी ओपनस्टॅक निवडलं. त्याचा जन्म २०१० मधला, नासाने आपल्या एम्स केंद्रातल्या नेब्युला प्रकल्पाचा कोड आणि रॅकस्पेस कंपनीने आपल्या साठवणीचा कोड एकत्र केला तेव्हाचा. डेटा सेंटरमधले सगळे सर्व्हर, डिस्का आणि नेटवर्क एकत्र घेऊन, मागेल त्याला मागेल तेवढं यंत्र काही मिनिटांत देणं हे त्याचं काम. खाली लिनक्स आणि केव्हीएम. विशेष म्हणजे नासाने २०१२ मध्ये त्याच्या विकासातून अंग काढून घेतलं, तरी प्रकल्प थांबला नाही.

बेल यांनी तेव्हा एक उपमा खूप वापरली: जुने सर्व्हर म्हणजे पाळीव प्राणी, नाव ठेवलेले, आजारी पडले की शुश्रूषा करायचे; नवे सर्व्हर म्हणजे गुरांचा कळप, क्रमांकाने ओळखायचे, एक गेलं की दुसरं आणायचं. ज्याच्या गोठ्यात सर्जा-राजा आहेत, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती पटणार नाही आणि मलाही पटत नाही. पण मुद्दा खरा आहे. हजारो सर्व्हरांत रोज काही ना काही मोडतंच, आणि व्यवस्था अशी हवी की ते मोडणं कुणाला कळू नये.

जुलै २०१३ मध्ये सर्नचा ओपनस्टॅक क्लाउड प्रत्यक्ष कामाला लागला. त्याच वर्षी बुडापेस्टच्या विग्नर केंद्रात त्यांनी दुसरं डेटा सेंटर सुरू केलं, जिनिव्हाशी सेकंदाला १०० गिगाबिटच्या दोन जोडण्यांनी बांधलेलं. वापरणाऱ्या शास्त्रज्ञाला दोन्ही मिळून एकच क्लाउड दिसे. पुढे या क्लाउडमध्ये ३ लाखांहून अधिक कोअर झाले. २०१९ च्या अखेरीस बुडापेस्टचा करार संपला, आणि शास्त्रज्ञांना आपला कोड बदलावा लागला नाही.

मोठ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये भौतिकशास्त्राचं काम अपेक्षेपेक्षा मंद चालतं, हे त्यांना लवकरच दिसलं. मोठ्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाची मेमरी त्याच्या शेजारी असते. दुसऱ्याच्या मेमरीपर्यंत जायला जास्त वेळ लागतो. व्हर्च्युअल मशीनला हा भूगोल ठाऊकच नसे. त्यांनी तो सांगायची सोय वापरली आणि तूट बरीचशी भरून निघाली. आपण काय मोजलं आणि काय बदललं हे त्यांनी जसंच्या तसं जगजाहीर केलं. याच प्रयोगशाळेने ३० एप्रिल १९९३ ला वर्ल्ड वाइड वेबचा कोड जगाला मोकळा करून दिला होता, त्याच्याशी हे सुसंगतच.

भाड्याच्या क्लाउडची जोड त्यांनी मग पद्धतशीर तपासली. २०१६ ते २०१८ या काळात दहा युरोपीय संशोधन संस्थांनी मिळून हेलिक्स नेब्युला सायन्स क्लाउड या प्रकल्पातून व्यापारी क्लाउडची क्षमता विकत घेऊन पाहिली. त्यातल्या टी-सिस्टिम्स या कंपनीचा क्लाउडही ओपनस्टॅकवरच उभा होता. २०१८ मध्ये सर्नच्या अभियंत्यांनी आपल्याकडचे आणि अनेक सार्वजनिक क्लाउडमधले कुबरनेटीस समूह एकत्र हाकून दाखवले.

दोन ठिकाणं एक भासवायला नेटवर्कलाही थोडी फसवणूक करावी लागते. डेटा सेंटरमधलं नेटवर्क वेगवेगळ्या खातेदारांसाठी वेगळं करायला पूर्वी व्हीलॅन असे, त्याच्या क्रमांकाला १२ बिट, म्हणजे ४०९६ जाळी. मोठ्या क्लाउडला ती पुरत नाहीत. व्हीएक्सलॅन या पद्धतीत क्रमांकाला २४ बिट आहेत: १ कोटी ६७ लाखांवर, योगायोगाने आपल्या त्या मेमरीच्या पानांइतकाच आकडा. एका जाळ्यातलं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून साध्या इंटरनेटच्या रस्त्याने पाठवायचं आणि पलीकडे उघडायचं. मुंबईतलं एक यंत्र आणि फ्रँकफर्टमधलं दुसरं, दोघांना वाटतं आपण एकाच तारेवर आहोत. ही सोय २०१२ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये आहे, आणि ती पाकिटं कुलूपबंद करायला २०२० मध्ये जेसन डोनेनफेल्ड यांचं वायरगार्डही कर्नलमध्ये आलं.

एका गोष्टीची मात्र फसवणूक करता येत नाही. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जिनिव्हा ते बुडापेस्ट सरळ रेषेत सुमारे हजार किलोमीटर. जाऊन यायला १० मिलिसेकंद, आणि तारा सरळ रेषेत नसतात म्हणून प्रत्यक्षात अधिकच. एखादा डेटाबेस दर वेळी लिहिल्यावर पलीकडून पोच येईपर्यंत थांबत असेल, तर एकामागून एक असे सेकंदाला शंभर व्यवहारही होणार नाहीत. शेजारच्या डिस्कवर तेच काम मायक्रोसेकंदांत होतं. म्हणून हायब्रिड क्लाउड आखताना पहिली रेघ ओढायची ती इथे: जे एकमेकांशी सतत बोलतं ते एकाच ठिकाणी ठेवा. त्यात पैशाचाही हिशेब आहे. सार्वजनिक क्लाउडमध्ये माहिती नेणं बहुधा फुकट असतं, बाहेर काढताना गिगाबाइटमागे आकार पडतो. सर्नकडे सप्टेंबर २०२३ मध्ये डिस्कवरची साठवण १ एक्साबाइटवर, म्हणजे दहा लाख टेराबाइटवर गेली. एवढा डोंगर कुणी हलवत नाही. हलवायचं ते काम, माहिती नव्हे.

आणि काम हलतं, कारण पलीकडेही लिनक्सच आहे. ॲमेझॉनने २००६ मध्ये झेनवर आपला क्लाउड सुरू केला आणि २०१७ पासून केव्हीएमच्या गाभ्यावर बांधलेली नायट्रो व्यवस्था आणली. गूगलचा क्लाउडही केव्हीएमवर आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने जुलै २००९ मध्ये कर्नलला आपल्या डिव्हाइस ड्रायव्हरांच्या २० हजार ओळी दिल्या, आणि आज तिच्या अझूर क्लाउडमधले निम्म्याहून अधिक कोअर लिनक्स चालवतात. कुणा समितीने हे ठरवलं नाही. आपापल्या स्वार्थाने वागणाऱ्या कंपन्या एका सामाईक गोष्टीपाशी येऊन थांबल्या, कारण ती कुणा एकाची नव्हती.

तिची खरी परीक्षा ८ डिसेंबर २०२० ला झाली. सेंटओएस ही रेड हॅट या कंपनीच्या लिनक्स प्रणालीची तंतोतंत, विनामूल्य आवृत्ती; अगणित संस्थांचे सर्व्हर तिच्यावर होते. सर्न आणि अमेरिकेतली फर्मीलॅब या दोघांनी तर तिच्या भरवशावर आपली सायंटिफिक लिनक्स ही प्रणाली थांबवली होती. त्या दिवशी जाहीर झालं की सेंटओएस लिनक्स ८ ला २०२९ पर्यंत नव्हे, तर २०२१ च्या अखेरपर्यंतच दुरुस्त्या मिळतील. लोक संतापले, आणि मला तो संताप रास्त वाटतो. दिलेला शब्द असा मध्येच आखूड करायचा नसतो. पण पुढे काय झालं ते पाहा. कोड उघडा होता. मार्च २०२१ च्या अखेरीस अल्मालिनक्स तयार होतं, जूनमध्ये रॉकी लिनक्स. चालत्या सर्व्हरवर एक स्क्रिप्ट चालवायची, आणि पुन्हा काहीही न बसवता त्याची प्रणाली बदललेली असायची. डिसेंबर २०२२ मध्ये सर्न आणि फर्मीलॅबने मिळून अल्मालिनक्स आपल्या प्रयोगांसाठी प्रमाण मानलं.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. व्हर्च्युअल मशीनच्या व्यापारात वर्षानुवर्षं अग्रेसर असलेली व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली, आणि महिन्याभरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद करून फक्त वर्गणी ठेवली. तो कोड बंद आहे. तिथे कुणी वेगळी चूल मांडू शकत नाही. ग्राहकाला पैसे तरी मोजावे लागतात, नाहीतर सगळं उचलून दुसरीकडे जावं लागतं.

मुक्त म्हणजे फुकट, असं मात्र कुणी समजू नये. सर्नकडे कर्नलच्या तळापर्यंत उतरणारे अभियंते होते. ज्या संस्थेकडे ते नाहीत तिने ते नेमावेत किंवा मदत विकत घ्यावी. रेड हॅट हाच धंदा करते, आणि आयबीएमने २०१९ मध्ये तिला ३४ अब्ज डॉलर मोजून घेतलं ते हायब्रिड क्लाउडसाठीच. जिचा कोड सगळ्यांना उघडा होता अशा कंपनीची ही किंमत होती! तो कोड जाणणाऱ्या माणसांची ती किंमत. त्यातली बरीच माणसं पुण्यात बसतात. रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी केंद्र तिथे आहे.

मुंबईचाही यात वाटा आहे. सर्नची माहिती चाळणाऱ्या जागतिक संगणक-जाळ्यात चाळीसहून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रं आहेत, आणि सीएमएस प्रयोगासाठी त्यातलं एक कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. सीएमएसच्या बाहेरच्या कॅलरीमापकाच्या बांधणीतही या संस्थेने मोठं काम केलं. जिनिव्हात निपजलेलं काम कुलाब्याच्या सर्व्हरवर उतरतं तेव्हा तिथेही त्याला तोच ओळखीचा कर्नल भेटतो.

म्हणून महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना एक विनंती. क्लाउड शिकताना एखाद्या कंपनीच्या पडद्यावरची बटणं पाठ करून थांबू नका. दोन जुने संगणक मिळवा, त्यांवर डेबियन किंवा अल्मालिनक्स बसवा, केव्हीएम चालू करा. व्हर्च्युअल मशीनची डिस्क एनएफएसने दोघांना दिसेल अशी ठेवा. मग तिसऱ्या यंत्रावरून त्या मशीनला पिंग चालू ठेवून ते एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवा आणि पिंगचे क्रमांक मोजत राहा. एकच काळजी घ्या: दोन्ही संगणकांचे प्रोसेसर एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच पिढीचे असू द्या. चालतं मशीन इंटेलवरून एएमडीवर भरवशाने नेता येत नाही.